आधी धरेल त्याचं

सोमवार
नोकरी लागली! तीही घरबसल्या. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलरची एकेक मूठ धरायची, की मी एका भल्यामोठ्या दिवाणखान्यात उभी. आम्ही पाच जण पाच घरांतून त्याच दिवाणखान्यात येतो आणि सोफे, कपाटं, दिवे मांडतो. गिऱ्हाईक फिरून बघतं, पसंत पडलं तर खरं सामान मागवतं. नियम एकच: आधी धरेल त्याचं. मी सोफा धरला की तो माझ्या रंगाचा, म्हणजे पिवळा होतो, आणि मी सोडेपर्यंत दुसऱ्याला हलवता येत नाही. जड वस्तूचं ओझं मुठीतून हाताला जाणवतंसुद्धा.

आई वेताच्या खुर्चीत बसून माझा तमाशा बघत होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ती माझ्याकडे राहायला आली; पाय थकलेत, जीभ ठणठणीत. म्हणाली, घाण्याच्या बैलालाही झापडं लावतात, पण तो निदान तेल तरी काढतो. मी हसून हसून लोळले.

बुधवार
डोकं फिरलंय माझं. भिंतीलगत लावलेला सोफा पार खोलीच्या मध्यावर, आणि तोही गिऱ्हाइकासमोर! मी थेट आमच्या पाचांतल्या टकलूची गचांडी धरली, म्हणजे तोंडानंच. असले चावट धंदे त्याचेच. तो म्हणाला, आपण नाही त्यातले. तो हे सांगत असतानाच सोफा पुन्हा सरकला. रंग राखाडी. राखाडी रंग आमच्यापैकी कुणाचाच नाही.

साहेबांचं म्हणणं, सामान धरलेलं असताना कुणाची तरी लाइन तुटली असेल, पकड अडकून राहिली असेल. अहो, पण लाइन तुटलेला माणूस सोफा ओढतो का? त्यावर त्यांनी मला शांत डोक्यानं घ्यायचा सल्ला दिला. मला!

शुक्रवार
आज मी टपूनच बसले होते. सोफा राखाडी झाल्याबरोबर दुसरं टोक धरलं आणि ओढला. पलीकडूनही ओढ लागली. एका वस्तूवर दोन पकडी होतच नाहीत म्हणे. इथे होत्या. कुणी दिसत नव्हतं, पण हिसके असे की खांदा निखळायची वेळ आली. मी कसली सोडतेय! शेवटी सोफा माझ्याकडे आला. मी त्याला, जो कोण असेल त्याला, चांगल्या शेलक्या शिव्या दिल्या.

साहेबांनी हात जोडले. म्हणाले, काही दिवस तुम्ही आपल्याच घरच्या खोलीची नक्कल करा आणि तिच्यात एकट्या काम करा. आत शिरायची किल्ली फक्त तुमच्याकडे, म्हणजे भांडण नको.

शनिवार
फोन चारही भिंतींवरून फिरवून खोलीची नक्कल काढली. आई खुर्चीतून उठेना. मी काय सामान आहे का हलवायला, म्हणाली. मीही चिडले, म्हटलं बस तशीच, आणि तिच्यासकट खुर्ची नकलेत घेतली. आत जाऊन बघते तर आई आणि खुर्ची मिळून एकच वस्तू झालेली. आईला सांगितलं, तर म्हणाली, आज फर्निचर केलंस, उद्या भंगारात घाल.

सोमवार
किल्ली माझ्याकडे. आत मी एकटी. तरी आई राखाडी. आणि दारापर्यंत सरकलेली.

हेडसेट काढला. खरी खुर्चीही दाराशी होती आणि आई तिच्यात बसून मला शिव्या घालत होती, की दुखणाईत माणसाला असं फरफटवताना लाज कशी वाटली नाही. मी तिला हातही लावला नव्हता.

साहेबांना फोन करून सांगितलं, खोली पुसून टाका. म्हणे, धरलेली वस्तू पुसता येत नाही. कुणी धरलीय? तर म्हणे, आत तुम्ही एकट्याच दिसताय. मी फोन आपटला.

मंगळवार
खुर्ची गच्चीवर फेकली, आईला पलंगावर झोपवलं. उपयोग शून्य. चादरीसकट सरकते. शेजारणीकडे नेली, तर तिथूनही आमच्याच दाराकडे. हेडसेट घालून मी धरून ठेवली, तरच थांबते.

समोर ये ना मेल्या! सोफ्याचा राग माझ्या आईवर काढतोस? हात उपटून हातात देईन.

बुधवार
हेडसेटखाली नाकापाशी फट असते, तेवढ्यातून वही दिसतेय. डाव्या मुठीत आई. उजव्या हातात पेन. लिहून ठेवणार आणि साहेबांच्या तोंडावर फेकणार.

तो दारातून ओढतोय. आई कमरेपर्यंत पिवळी, खाली राखाडी —

रडतेय. माझी आई कुणापुढे रडली नाही कधी. हरामखोर —

थोडी आली माझ्याकडे. पुन्हा गेली. माझा राग त्याच्याहून मोठा आहे, बघच तू —

आई म्हणते सोड. मला म्हणते. म्हणते, दोघांतल्या एकानं तरी सोडा, फाटतेय मी —

मी का सोडू? माझी आई आहे. त्यानं सोडावं. त्यानं —

आली! आली माझ्याकडे. सुटली त्याच्या तावडीतून —

हलकी लागतेय. एवढी हलकी कशी —

आई हाक मारतेय. इथून, माझ्या हाताजवळून. आणि दारापलीकडूनही आईच —