ओत्निएल रुमेंगान यांचं उरलेल्या तासांचं वेळापत्रक

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.

काल उपासनेत पाळकबाई मेइस्के म्हणाल्या, आपले दिवस मोजके आहेत, ते प्रभूसाठी सार्थकी लावा. सगळी मंडळी माना डोलवत होती. अमलात आणणारा मी एकटाच.

वय त्रेसष्ट. बाबा सत्त्याऐंशीला गेले. म्हणजे हातात चोवीस वर्षं. झोप वजा जाता सोळा. जेवण, आंघोळ, दाढी वजा जाता तेरा. जमीनमोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, मोजण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तेरा वर्षांत शिस्तीचा ख्रिस्ती माणूस पुष्कळ काही करू शकतो.

वेळापत्रक आखलं. साडेचारला उठणे. पाच ते सहा बायबल. दहा ते बारा आजाऱ्यांच्या भेटी. संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, सेल्वीबद्दल शोक.

सेल्वी माझी बायको. एप्रिलमध्ये गेली. शोक करायचा राहूनच गेला, मागे कामं इतकी होती.

६ ऑगस्ट, मंगळवार.

पावणेआठला उठलो. आमचं तोमोहोन गाव डोंगरातलं, पहाटे थंडी. देहही देवानेच दिलेला आहे, त्याची हेळसांड बरी नव्हे. उद्यापासून नक्की.

साडेपाचला शोकाला बसलो. खुर्ची खिडकीपाशी घेतली. समोर लोकोनचा ज्वालामुखी डोंगर, वर थोडा धूर. काही आलं नाही. पावणेसहाला उठलो, पुढचं काम घेतलं.

७ ऑगस्ट, बुधवार.

फिन्चे आली. सेल्वीची धाकटी बहीण. नवरा नाही, मुलगा लांब सोरोंगला, समुद्रापलीकडे. सेल्वी गेल्यापासून रोज चारला डबा घेऊन येते. आज भाज्या घातलेली पेज आणि धुरावलेला मासा. डब्याबद्दल तक्रार नाही. पण ती नंतर बसते. बोलते ते कामाचं नसतं. कुंडीतलं जास्वंद सुकलं, पडदे धुवायला हवेत, ताईचा चष्मा कुठे आहे. आज म्हणाली, भाऊजी, तुम्हाला एक सांगायचं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. किती वाजले ते पाहायला, दुसरं काही नाही. ती म्हणाली, राहू दे.

एक तास दहा मिनिटं. हिशेब केला. या दराने तेरा वर्षांत फिन्चे माझे साडेसात महिने खाणार. प्रभूला काय उत्तर देऊ?

१० ऑगस्ट, शनिवार.

फिन्चेशी स्पष्ट पण प्रेमाने बोललो. गुरुवारी चार ते साडेचार येत जा म्हटलं. तिने विचारलं, आणि डबा? म्हटलं, डबा कधीही कुंपणावर ठेवलास तरी चालेल. तिने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, भाऊजी, तुम्ही मोजणी खात्यातून निवृत्त झालात, खातं काही तुमच्यातून निवृत्त झालं नाही.

चांगली विनोदी बाई आहे. पटलेलं दिसलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार.

बायबल मागे पडलं आहे. बळींचे आणि अर्पणांचे नियम लागले की डोळा लागतो. आठवड्यात तिसऱ्यांदा त्याच पानावर झोपलो.

आजाऱ्यांच्या भेटी मात्र सुरू. ओपा दिर्कना, म्हणजे दिर्क आजोबांना, वीस मिनिटं दिली. वय नव्वद, दोन वर्षं अंथरुणावर. धीर यावा म्हणून माझं वेळापत्रक वाचून दाखवलं. ओपांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, ओत्नी, माझ्याकडे वेळच वेळ पडलाय रे, संपता संपत नाही. जाताना थोडा घेऊन जा. आणि आता जरा या कुशीवरून त्या कुशीवर वळव मला.

वळवलं. ते वेळापत्रकात नव्हतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

चार ते साडेचार फिन्चेची वाट पाहिली. आली नाही. बेशिस्त. डबाही नाही. केळी उकडून खाल्ली.

शोकाला बसलो. ती केळी पोटात जड झाली होती, लक्ष लागलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार.

पाळकबाईंचा फोन! येत्या गुरुवारी पाच वाजता पुरुष मंडळात मी बोलायचं. विषय, ख्रिस्ती माणूस आणि वेळ. म्हणजे वरपर्यंत नोंद झालेली आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार.

भाषण तयार. चाळीस पानं. मोठ्याने वाचून पाहिलं, तीन तास दहा मिनिटं. काटछाट करायला बसलो. एकही वाक्य अनावश्यक निघालं नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार.

हेंकी कालांगी रस्त्यात भेटला. तोही माझ्यासारखाच चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभारी आहे, पण ढिला. लवंगा वाळत घालत होता. म्हणाला, फिन्चे चालली की, कळलं ना? मुलाकडे, सोरोंगला, कायमची. परवा दुपारी बाराला बितुंग बंदरातून जहाज. म्हटलं, मला बोलली नाही. हेंकी म्हणाला, कशी बोलणार? तुमचा वार गुरुवार, वेळ चारची. तोपर्यंत ती समुद्रात.

आठला निघायचं, दहाला बितुंग, बारापर्यंत निरोप, तीनला परत, पाचला भाषण. सहज बसतं. सदुपयोग म्हणतात तो हाच.

२२ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १. बितुंग बंदर.

जहाज आलेलं नाही. फिन्चे तीन खोकी एकमेकांना बांधून त्यावर बसली आहे. मला पाहून म्हणाली, आज भाषण ना तुमचं? मग खोक्यावर जागा करून दिली.

दुपारी ३.

जहाज नाही. मी निघायला हवं. फिन्चेने हाताला धरून बसवलं. भाषणाला पोचत नाही म्हणून मी हेंकीला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही काळजी करू नका, मी बघतो. तेव्हाच मला काळजी वाटली.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.

जहाज काल शेवटी सव्वापाचला लागलं. काल लिहिलं नाही, ते आज लिहितो.

चारच्या सुमारास फिन्चे म्हणाली, आता तुम्हाला जायला कुठे नाही, ऐका.

सेल्वी गेली त्या दुपारी मी चर्चच्या छपराच्या सभेत होतो. पत्रा की कौलं. फिन्चे तिच्यापाशी होती. सेल्वीने तीनदा विचारलं, ओत्नी आला का? फिन्चेने सांगितलं, निघालेत. मग सांगितलं, वाटेत आहेत. मग सांगितलं, कोपऱ्यावर आलेत. मी निघालो नव्हतो. फिन्चेने चार वेळा फोन लावला होता. सभेत मी फोन बंद ठेवतो. कोपऱ्यावर आलेत म्हटल्यावर सेल्वी म्हणाली, मग केस विंचर माझे, असा अवतार नको. विंचरता विंचरताच गेली.

फिन्चे म्हणाली, भाऊजी, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले मी, तेही सख्ख्या बहिणीशी. एवढंच सांगायला रोज येत होते. तुमच्या दाराशी येईपर्यंत धीर असायचा. आत आल्यावर तुम्ही घड्याळ बघायचात.

तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, एवढं मला समजलं. मी म्हणालो, छप्पर शेवटी पत्र्याचंच झालं.

का म्हणालो कळत नाही. पण तेच म्हणालो.

तिने पिशवी पुढ्यात ओढली. मग पिशवीतून तळलेली केळी काढली, वर मिरचीची चटणी घातली आणि म्हणाली, खा. दोघांनी खाल्ली. चटणी तिखट होती. जहाज आलं तशी खोकी चढवून दिली. वरून तिने हात केला की नाही, गर्दीत दिसलं नाही.

परत आलो तेव्हा पुरुष मंडळ कधीच संपलं होतं. माझ्या जागी हेंकी बोलला. म्हणजे बोललाच नाही. प्रार्थना केली, चहा दिला, वीस मिनिटांत सगळ्यांना घरी सोडलं. आज सकाळपासून चौघांनी सांगितलं, वेळ या विषयावर इतकी चांगली सभा आजवर झाली नव्हती.

२४ ऑगस्ट, शनिवार.

साडेसहाला उठलो. बायबल नाही. भेटी नाहीत. ओपा दिर्ककडून निरोप आला, कूस बदलायला कोणी आहे का. दुपारी जाईन म्हटलं.

सकाळपासून फिन्चेला फोन लावतो आहे. जहाजावर लागत नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं. तू खोटं बोललीस ते बरं केलंस. दोनच ओळींत बसलं. दुसऱ्या ओळीत, सेल्वीला मी कोपऱ्यावर दिसलो ते तुझ्यामुळे.

सव्वाचारला फोन लागला. तिकडे वारा आणि माणसांचा गलका. फिन्चे म्हणाली, कोण? म्हटलं, मी. कागद हातातच होता. विचारलं, जेवलीस का?

ती म्हणाली, भाऊजी, समुद्र खवळलाय, सकाळपासून ओकतेय नुसती, ठेवा फोन.

ठेवला.