अंड्यातली दोन हृदयं

प्रिय सुनंदा,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. लिहितोय, कारण आज तुझ्या प्रयोगशाळेत गेलो होतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि पहिल्यांदाच गेलो!

त्या सकाळी तू कोंबडीची अंडी उबवणीच्या पेटीत ठेवलीस आणि दुपारी वर्गात शिकवता शिकवता कोसळलीस. दुसऱ्या दिवशी स्मशानातून परतलो, तर तुझी विद्यार्थिनी कविता आपल्या जवाहर नगरच्या घराच्या फाटकाशी उभी. "सर, मैडम के अंडे... आज दवा नहीं डाली तो सारी मेहनत बेकार जाएगी."

"जो करना है, करो," म्हणालो. राग नाही, रडू नाही. अजूनही काही होत नाही गं. जेवतो, ऑफिसला जातो, विम्याच्या फायलींवर सह्या करतो.

एकदा जेवताना तू सांगत होतीस, आठवतं? "पेशींच्या मधली जागा रिकामी नसते. पेशीच तिथे जाळं विणतात आणि त्याच्यावरून सरकत आपापल्या जागी पोचतात. तेव्हा कुठे गर्भाला आकार येतो."

"मतलब, सिमेंट?" मी मोबाइलवरून नजरसुद्धा उचलली नव्हती.

"सिमेंट नाही रे," म्हणालीस आणि भात वाढलास. पुन्हा कधी सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? एवढ्यावरच सोडून द्यायचं होतं का मला?

आज कविताने तेव्हा टिपलेल्या चित्रफितीत तो गर्भ पडद्यावर दाखवला. नखाएवढाही नाही. हृदयाच्या पेशी दोन बाजूंनी निघतात, मध्ये येऊन एक होतात. जाळं नसलं तर काय होतं ते बघायला औषधाने त्यांच्या वाटेवरचं जाळं मुद्दाम बिघडवलं होतं. त्या पोचल्याच नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळं हृदय झालं, आणि दोन्ही धडधडत होती! मी किती तरी वेळ बघत बसलो.

"सर, समझ में आया?"

"नहीं. फिर से बताओ."

तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिलाच रडू फुटलं. तिला पाणी आणून दिलं, तेवढंच सुचलं.

प्रयोग पुन्हा करायचाय म्हणे. शहराबाहेरच्या चौमूं गावचा कोंबडीवाला तुझ्याशिवाय कुणाला उबवायची अंडी देत नाही, आणि बसमध्ये ती हिंदकळतात. तुझ्या नवऱ्याला तो नाही म्हणणार नाही; गुरुवारी कविताला घेऊन मी गाडी काढतोय. सावकाश चालवीन, तुला हवी तशी. तिचा प्रबंध पुरा होईपर्यंत दर वेळी अंडी मीच आणेन. वाटेत ती जे सांगेल, ते ऐकेन. फोन घरी ठेवून जाईन, सुनंदा.

तुझा,
श्रीकांत