गोलापासून तीन बोटं

१९ नोव्हेंबर, बुधवार

ती. बाबा,

नमस्कार. ‘साष्टांग’ आज मुद्दामच लिहीत नाहीये. मी बरी आहे. खोलीतला नळ दुरुस्त झाला. आईचा खोकला कमी झाला का?

तुम्ही सोमवारी इथे येऊन गेलात आणि मला न भेटताच परतलात. हे मला तिकीट खिडकीवरच्या मावशींकडून कळलं. आईला काय सांगून निघालात? कापड आणायला जातो म्हणून?

संचालकांनी फोनवर काय तिखटमीठ लावलं ते मला माहीत नाही. झालं ते असं. आमच्या विज्ञान केंद्रात माणसाच्या उंचीचा पृथ्वीचा गोल आहे आणि अंतराळ स्थानक टांगलंय पार छताला. खरं स्थानक जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटरवर फिरतं. या गोलाच्या मापाने तीन बोटं! गट फिरवताना मी ते सांगितलं की लोक हसतात. “मग मॅडम, ते तिकडे वर काय करतंय?”

संचालकांना सांगून पाहिलं. “अहो बाई, लोक मान वर करायला तिकीट काढतात,” म्हणाले. शेवटी मीच शिडी लावून स्थानक खाली आणलं आणि गोलाजवळ बांधलं. त्यांनी पाहुण्यांसमोर ते परत वर चढवायला लावलं. “माफी मागा, नाहीतर घरी जा,” म्हणाले.

मी मागितली नाही. तरी मंगळवारी मला कामावर घेतलं. मला वाटलं, पटलं त्यांना! केवढी खुळी मी.

मावशी म्हणाल्या, “अगं, तुझे बाबा साहेबांपुढे हात जोडून उभे होते. म्हणाले, पोरीला काही कळत नाही, एवढी चूक पदरात घ्या.”

बाबा, खांदा अर्धा इंच उतरला तर तुम्ही गिऱ्हाइकाचा अख्खा कोट उसवता. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या कारागिराला दुकानातून काढलंत तुम्ही. मग माझंच माप तेवढं कसंही चालतं? गल्लीभर मिरवता, “आमची पोरगी पदवीधर, तिला विचारा.” आणि त्या माणसासमोर मला अडाणी ठरवून आलात! संचालक पाहुण्यांसमोर ओरडले त्याचं मला काही नाही. तुमचे जोडलेले हात मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

हे पत्र पोचेपर्यंत मी संचालकांना सांगून टाकलेलं असेल की ती माफी माझी नव्हती. नोकरी गेली तर गेली.

पुन्हा माझ्यासाठी रदबदली करायला येऊ नका. यायचंच असेल तर तिकीट काढा, माझ्या गटात उभे राहा आणि मी काय सांगते ते एकदा तरी ऐका.

माफी न मागितलेली,
तुमची मुलगी