वाटणीतलं घड्याळ

१२ नोव्हेंबर
आप्पा जाऊन महिना झाला. आज वाटणी. कोरीटचं शेत निम्मं-निम्मं. मग उरलं काय? आई आणि आप्पांचं सोनेरी घड्याळ. धाकट्या नवनीतने आई घेतली, मी घड्याळ. बिचारा खूश दिसला. कधी कधी त्याची कीव येते.

१३ नोव्हेंबर, तळोदा
घड्याळ नीट पाहिलं. पातळ, चावीचं, लग्नकार्यात मिरवायचं. डायलवर बारीक अक्षरांत स्विस मेड, सतरा ज्युवेल्स. म्हणजे आत सतरा रत्नं! बायकोला, चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, मग आप्पा जन्मभर सायकलवर का फिरले? साधेपणा कळायला संस्कार लागतात.

२० नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे घड्याळांचा अभ्यास. फेसबुकवर जुन्या घड्याळांच्या ग्रुपमध्ये शिरलो. अशाला ड्रेस वॉच म्हणतात. ऑफिसात दोनदा सहज बोलून दाखवलं. मखमली डबी आणली. रोज ठरल्या वेळी चावी देतो. जुन्या वस्तूची रोज विचारपूस करावी लागते.

२१ नोव्हेंबर
अभ्यास उद्यापासून.

२ डिसेंबर
नवनीतचा फोन. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी, ये म्हणे. नेमकं गुरुवारीच सुरतच्या घड्याळवाल्याकडे जायचं ठरलंय. आईला काय, नवनीत आहे. घड्याळाला माझ्याशिवाय कोण?

५ डिसेंबर, सुरत
दुकानदार अडाणी. ज्युवेल्स म्हणजे चाकांखालचे कारखान्यातले लाल खडे, म्हणे. डायल नव्याने रंगवलेला, मशीन दुसऱ्याच घड्याळाचं, वर नुसतं सोन्याचं पाणी, कडेला पितळ उघडं पडलंय. मी म्हटलं, इतिहासालाही किंमत असते. तो म्हणाला, मग इतिहास आणा. आणतोच! आप्पांना कुठल्यातरी मोठ्या साहेबाने बक्षीस दिलं असणार. आईला माहीत असेल.

१५ डिसेंबर, रविवार
कोरीटला गेलो. आईला काळा चष्मा. तिने विचारलं, कोन शे? घड्याळ हातात दिलं, ते मात्र चाचपूनच ओळखलं. मग मला. साहेबाचं विचारलं तर म्हणाली, कसाना साहेब? मन्हा बापनं शे हाई. तुन्हा बाप मांडवमा रुसी बठना. घड्याळ द्या तवय उठसू, म्हने. मन्हा बापनी सोताना हातनं काढीसन दिधं. नवनीतची बायको सीमा तोंडाला पदर लावून हसत होती.
ऑपरेशनमुळे आईच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

२९ डिसेंबर
ग्रुपवर साहेबाच्या बक्षिसाची हकीकत फोटोसकट टाकली. लोक खदखदून हसले. ग्रुप सोडला. घड्याळ बंद पडलंय, चेतनाचे गुडघेही. घरात भाकरी टाकायला कोणी नाही. आईच्या हातची भाकरी अजून झकास होते. ठरलं: नवनीतशी अदलाबदल. घड्याळ त्याला, आई मला. फायदा त्याचाच आहे, पण मोठ्या भावाने मन मोठं ठेवावं.

५ जानेवारी, एसटीत
कोरीटला जाऊन प्रस्ताव मांडला. नवनीत म्हणाला, आईलाच विचार. आईने घड्याळ घेतलं, पदराने पुसलं, कानाला लावलं आणि कनवटीला खोचलं. म्हणाली, मन्हं शे, ऱ्हाऊ दे. मी काय येत नही. मी म्हटलं, मग घड्याळ परत दे. ती म्हणाली, तुन्हा बापले एकदाव दिधं, आते बस.
फार लागलं मला. तडक उठलो आणि बाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसलो. जेवणार नाही, हे आत ऐकू जाईल असं सांगितलं. आत भरीत झालं होतं, वास येत होता. वाढल्याचे आवाज आले. तरी बसून राहिलो. आप्पांना असंच बसून मिळालं होतं, मीही त्यांचाच मुलगा आहे.
बऱ्याच वेळाने सीमा बाहेर आली. मी मान आणखी वळवली.
ती म्हणाली, दादा, नंदुरबारनी शेवटली यष्टी जाई ऱ्हायनी.
पळत जाऊन पकडली. जागा मिळाली नाही.