खोलीचा आवाज

ती. दादांना सादर नमस्कार,

प्रकृती कशी आहे? गुडघ्यांचं मुद्दामच विचारत नाही, कारण त्यांचं उत्तर दोन पानांखाली येत नाही. कानाचं नवं यंत्र मात्र बसलं का, ते आधी कळवा. (जुनं शिट्टी मारायचं म्हणून तुम्ही ते खिशात ठेवायचात आणि वहिनी तुमच्या खिशाशी भांडतायत असं वाटायचं.) मी ठीक आहे. स्वयंपाक जमायला लागलाय, म्हणजे मी खातो. दुसऱ्या कोणी खाऊन पाहिलेला नाही.

पत्राला खास कारण असं काही नाही. तो माहितीपट शेवटी लागला, मी पाहून आलो, आणि तुम्ही पाहायला जाऊ नका एवढंच सांगायचं होतं. तुमच्या बहिणीचं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही (मलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं), म्हणून थोडक्यात सांगतो. सिनेमात पडद्यावर खाली जी अक्षरं येतात, ती बोलणाऱ्याच्या तोंडाशी बरोबर जुळवून बसवणारं सॉफ्टवेअर तिने लिहिलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. नुसतं फुकट नव्हे, उघडं. कुणीही आत डोकवावं, हवं ते बदलावं, आणि सुधारलं तर परत आणून द्यावं. अशा लोकांवरच तो माहितीपट होता आणि ती जायच्या आदल्या वर्षी ती मंडळी आमच्या घरी चित्रण करून गेली होती.

पहिला घोळ 'हॅकर' या शब्दाने झाला. दिग्दर्शिकाबाईंनी जिन्यात कुणाला तरी विचारलं की त्या हॅकरबाई कुठे राहतात. झालं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तुमच्या बहिणीला पाहिलं की पाकीट दाबून धरायला लागले. तिने त्यांना घरात बसवून समजावलं की आमच्यात हॅकर म्हणजे चोर नव्हे, वस्तू उघडून ती कशी चालते ते बघणारा आणि बिघडली असेल तर नीट करणारा माणूस. त्यांना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ते बंद पडलेला मिक्सर घेऊन हजर. तिने तोही नीट केला.

दिग्दर्शिकाबाईंना अंधारी खोली, काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं हवी होती. तुमची बहीण खिडकीशी बसून भर उजेडात, पांढऱ्या पडद्यावर, दुरून बस नंबर वाचावा एवढ्या मोठ्या अक्षरांत काम करायची. त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, तिला टोपीवालं काळं जॅकेट घातलं. गाऊनवर ते जॅकेट चढवलेली ती, रेनकोट घालून दूध आणायला निघाल्यासारखी दिसत होती. मी मधूनच पडदे सारायचो, ते पुन्हा ओढायचे. चहा घेऊन आत गेलो की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू मी लग्नात चुकीच्या मांडवात शिरलोय.

त्यातला एकच माणूस मला आवडला, तो म्हणजे आवाज टिपणारा. दिवसभर कानाला डबे लावून गप्प बसायचा. फ्रिजची घरघर येते म्हणून त्याने फ्रिज बंद केला, परत लावायला विसरला, दूध नासलं आणि बोलणी मी खाल्ली. शेवटच्या दिवशी निघायच्या आधी तो म्हणाला, आता खोलीचा आवाज घ्यायचाय, कुणी हलू नका. म्हणजे काय, तर रिकाम्या शांततेचंही रेकॉर्डिंग करून ठेवतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि पुढे जोडकाम करताना मधल्या जागी ती भरावी लागते. मी नेमका तेव्हाच ट्रे घेऊन दारात पोचलो होतो. एक पाय आत, एक बाहेर. तसाच गोठलो. समोर ती त्या जॅकेटमध्ये, ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती.

आता सिनेमा. त्यात ती पाठमोरी दिसते. अंधारात, डोक्यावर टोपी, जरा पाहतोय म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. आणि त्यावर आवाज एका दाढीवाल्या गृहस्थाचा, स्वातंत्र्यावर. खाली अक्षरं मात्र तिच्या सॉफ्टवेअरने बसवलेली, त्याच्या शब्दाला शब्द धरून. बाईंनी तिला विचारलं होतं, एवढं सगळं फुकट का दिलंत? त्यावर ती म्हणाली होती, "माझ्याकडून नेलं तरी माझ्याकडे राहतंच की." तेवढं वाक्य तरी ठेवतील असं वाटलं होतं. लांबी वाढत होती म्हणून गेलं. थिएटरात दिवे लागले तरी मी बसून होतो. झाडूवाल्याने मला पाय उचलायला लावले तेव्हा उठलो.

दादा, फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. फोनवर ती नेहमी लिहायचीच, बोलायची नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी कंपनीला विचारलं की उरलेलं चित्रण मिळेल का. ज्या सिनेमात उठता बसता 'ज्ञान सगळ्यांना खुलं' म्हणतात, त्याच्या कंपनीने कळवलं की सर्व हक्क राखीव आहेत, चित्रण कुणालाही दाखवता येत नाही. करारावर सही तुमच्या बहिणीचीच. जन्मभर लोकांना अटी वाचा, अटी वाचा म्हणून सांगितलं आणि स्वतः न वाचता सही ठोकली! मला हसू आलं, आणि मग फार रडू आलं. तुमच्यापासून काय लपवायचं.

पुढे काही दिवसांनी त्या आवाजवाल्याचा निरोप आला. बोललेलं काही देता येत नाही, म्हणाला, पण खोलीचा आवाज पाठवतो. त्यात कुणी काही बोललेलंच नाही, तेव्हा कंपनीला तरी त्यावर काय हक्क सांगता येणार. तो आलाय. मी ऐकतो. लांबून गाडी जाते, माझ्या ट्रेमधली कपबशी किणकिणते. बाकी शांतता. पण त्या शांततेत ती बसलेली आहे, दादा. माझ्यासमोर.

असो. वहिनींना नमस्कार. काळजी घ्या.

तुमच्या बहिणीचा,
चहावाला

ता. क. कपबशी किणकिणल्यावर लगेच, अगदी बारीक, कुणीतरी नाकातून हसू दाबतंय असं मला वाटतं. कधी वाटतं, कधी वाटत नाही. ती लहानपणी मोठ्यांसमोर कशी हसू दाबायची, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? रेकॉर्डिंग सोबत पाठवलंय. नवं यंत्र कानात (खिशात नव्हे) घालून, पंखा, फ्रिज, वहिनी सगळं बंद करून एकदा ऐका. कारण नाही म्हटलं होतं, पण पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ हव्या तेवढ्या प्रती काढा, कुणालाही द्या. तिचाच नियम आहे. ती ऐकू आली तर लगेच कळवा. नाही आली, तर नुसतं 'पत्र पोचलं' एवढंच लिहा.