ओळंब्यात आणलेला मनोरा

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्याचाच साष्टांग धरून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? साडूभाऊंचा खोकला गेला का? माझं ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे मी वेळेवर बसतो, भात शिजलेला असतोच असं नाही.

तुमची बहीण गेल्यापासून या घरात मी आणि प्लॅस्टिकचे ठोकळे एवढेच उरलो आहोत. मी जन्मभर गवंडीकाम करून लोकांची घरं बांधली आणि हिने पोरांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांनी माझ्याच जेवणाच्या टेबलावर जगातल्या नामांकित इमारती उभ्या केल्या. ना सिमेंट, ना परवानगी, ना मजुरांची कटकट. (त्या लोखंडी मनोऱ्यापायी आम्ही कितीतरी दिवस जमिनीवर ताटं मांडून जेवलो, तुम्ही पाहिलंच आहे.) अजूनही अनवाणी पाय ठोकळ्यावर पडला की माझ्या तोंडून तिचंच नाव निघतं. पूर्वी रागाने निघायचं.

शेवटचा मनोरा तिने पलंगावर बसून, मांडीवर फळी घेऊन केला. कुठला म्हणून विचारलं, तर परदेशातला आहे, फार प्रसिद्ध आहे, पुरा झाला की सांगेन, म्हणाली. वरचा मजला तेवढा राहिला. येत्या रविवारी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये अशा ठोकळ्यांच्या इमारतींचं प्रदर्शन आहे आणि तिथल्या बाईंनी तिच्या नावाचं टेबल राखून ठेवलंय. म्हटलं, हे काम आपण पुरं करायचं. सवयीप्रमाणे आधी दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला, तर मनोरा एका अंगाला कललेला! खाली बघतो तर पायाच्या एका बाजूला पातळ पट्ट्या जास्तीच्या लागलेल्या. मला भरून आलं. वाटलं, बिचारीची तापात चूक झाली असणार, आणि मी शेजारी असून मला दिसली नाही. पट्ट्या काढल्या, मनोरा ओळंब्यात आणला, वरचा मजला चढवला. आयुष्यात इतकं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मग ग्रंथालयातल्या बाई बघायला आल्या. मान डावीकडे करून पाहिलं, उजवीकडे करून पाहिलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "अहो, हा कललेला असतो. लोक तेवढंच तर बघायला जातात."

आता मला सांगा, पाया खचलेलं काम बघायला कोणी जातं का? मी असं बांधलं असतं तर घरमालकाने मला थापीसकट हाकललं असतं. पण बाई गेल्यावर मी पट्ट्या परत लावायला बसलो. काढलेल्या पट्ट्या मी न मोजताच पांढऱ्या ठोकळ्यांच्या डब्यात टाकून मोकळा झालो होतो. आता कमी लावल्या तर कच्च्या गवंड्याचं काम वाटतं, जास्त लावल्या तर मनोरा पिऊन आल्यासारखा दिसतो. अक्का, तिच्या हातचं शेवटचं काम मी पुसून टाकलं. फार वाईट वाटतं हो. तिला सांगताही येत नाही.

गुडघे जपा. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
सरळसोट मेहुणा

ता. क. मनोऱ्याशेजारी बसलेली असतानाचा तिचा फोटो मी तिच्या फोनवर काढला होता आणि तिने तो लगेच तुम्हाला पाठवला होता. तिचा फोन उघडायचा आकडा तिच्याबरोबरच गेला. तेवढा फोटो मला पाठवाल का? मनोरा नेमका किती कलता होता ते मोजायला हवं आहे.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालता घालता आठवलं. फोटो काढताना मनोरा तिरका दिसला, फळी कलली असेल असं वाटून मी फोनच तिरका धरला होता. (ती इतकी का हसत होती ते आत्ता कळलं.) म्हणजे फोटोत मनोरा सरळ असेल आणि तीच कललेली दिसेल. तेव्हा मापासाठी तो काही कामाचा नाही. माप बाईंनी नंतर आणून दिलेल्या खऱ्या मनोऱ्याच्या चित्रावरून निघेल, रविवारपर्यंत मी जमवतोच. फोटो तरीही पाठवा. आणि कोणी तो सरळ करून देतो म्हणालं तर देऊ नका. मला ती कललेलीच हवी आहे.