देवांगची मानाची खुर्ची

चि. सौ. लतिकेस थोरल्या अक्काचे डब्लिन, ओहायोहून आशीर्वाद.

गुरुनाथरावांचा गुडघा कसा आहे? तुझ्या डोक्याचं विचारत नाही, कारण "देवांग हल्ली करतो काय?" हे तू फोनवर चौथ्यांदा विचारलंस. म्हणून या खेपेस लेखी देते. (अक्षर सूनबाईंचं. मला लिहिता येत नाही, हे तरी लक्षात आहे ना? मध्येच ओळ तुटली तर आसावरीने रागाने पेन खाली ठेवलं असं समज.)

तर माझा नातू इंग्लंडात बर्फावर हॉकी खेळतो, पगार घेऊन. पायांना सुऱ्या बांधलेले बारा गडी एका काळ्या रबरी चकतीमागे धावतात आणि चकती हाती नाही लागली की एकमेकांना धरतात. लीगमध्ये दहा संघ, सप्टेंबर ते एप्रिल, पहिले आठ पुढच्या फेरीत. देवांगचा संघ दिवाळीत दहावा होता, संक्रांतीलाही दहावा. (सातत्य हो!) शेवटी प्रसादने बजावलं, "आठात नाही आलात तर बॅग भरायची. अ‍ॅशबर्नला विक्रमकाकाच्या डेटा सेंटरमध्ये नोकरी तयार आहे." पोरगा म्हणाला, "डील, बाबा." तेव्हापासून त्याचा जीव आठव्या नंबरात अडकला आणि माझाही. ते डेटा सेंटर मी पाहिलंय. एक खिडकी नाही गं!

दर शनिवारी दुपारी मी टीव्हीसमोर. मला खेळ कळत नाही, पण मान कळतो. देवांगला काचेची वेगळी खोली आहे. एक गृहस्थ दार उघडतात, हा आत जाऊन एकटाच बसतो, पाणी पितो, बाकीचे मरमर धावतात. एवढा मान अख्ख्या संघात कुणाला नाही. पण सांगायची सोय नव्हती, कारण इथल्या मराठी मंडळात 'देवांग एमबीए करतोय' असं आसावरीने जाहीर केलेलं. (पेन खाली ठेवलं होतं. आता उचललंय.)

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पंधरा बायका बोलावल्या आणि नेमका त्याच दुपारी शेवटचा सामना. जिंकले तर आठवे, हरले तर अ‍ॅशबर्न. मी गुपचूप आवाज बंद करून टीव्ही लावला. आंब्याची डाळ फिरत होती, तोच मंडळातली आश्लेषा म्हणाली, "अय्या, हा तुमचा देवांग ना?" देवांग तेव्हा एका धिप्पाड माणसाच्या तोंडावर हात चालवत होता. आसावरी म्हणाली, "इंटर्नशिप आहे."

मग दार उघडलं, हा आत बसला. मी म्हटलं, "बघा, मानाची खुर्ची!" आश्लेषाचा मुलगा शाळेत हॉकी खेळलेला. ती हळूच म्हणाली, "आजी, ती शिक्षा आहे. मारामारी केली की तिथे बसवतात."

लतिके, आठ महिने मी त्या शिक्षेला निरांजन ओवाळलं!

दोन मिनिटं हा आत, संघात एक गडी कमी, सामना बरोबरीत. पंधराही बायका सोफा सोडून उभ्या. शिक्षा संपली, दार उघडलं, हा सुटला तो थेट चकतीवर, पुढे मैदान मोकळं, आणि गोल! आश्लेषाच्या हातातलं पन्हं माझ्या नऊवारीवर. जिंकले, आठवे आले. पुढच्या फेरीत लगेच सपाटून हरले, पण ते डीलमध्ये नव्हतं. क्लबने पुढच्या सीझनचंही लिहून दिलं. प्रसाद आता मंडळात फोनवर तो गोल दाखवत फिरतो आणि एमबीएवाल्यांच्या वडिलांना विचारतो, "तुमच्याचे किती झाले?"

तुझी,
अक्का

ता. क. : तू काही विसरलेली नाहीस गं. चारही वेळा मी तुला एमबीएच सांगितलं होतं, आसावरी शेजारी उभी असायची. तर कोल्हापुरात तू वाटलेले त्याचे बायोडेटा गोळा कर आणि एमबीए खोडून हॉकी लिही.

आणखी एक : फोटोही बदलायचाय. गोलनंतर मिठी मारायला आलेल्या स्वतःच्याच गड्याची काठी लागून देवांगचे पुढचे दोन दात गेले. जूनमध्ये घरी येतोय. डिंकाचे लाडू मुळीच नकोत, चकलीही नको. बेसनाचे पाठव, तोंडात विरघळणारे, आणि तुपाला हात आखडू नकोस.